फुकटचा राखणदार

आमच्या घरातला कॉम्प्युटर भंगाराच्या दुकानात नेला तर कुणी पाचशे रुपयेही हातावर ठेवणार नाही. डबा २०१३ मध्ये सोलापूरहून जोडून आणलेला. मॉनिटर त्याहून जुना. लाइट गेली की यूपीएस दहा मिनिटं ओरडतो आणि मान टाकतो. पण याच डब्याच्या हार्डडिस्कमध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची वावरं, विहिरी, वाटण्या आणि भाऊबंदकी साठवलेली आहे. त्यातला एकही कागद आमचा नाही.

अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे जुने कागद घेऊन येऊ लागले. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात. निजामाच्या काळात महसुलाचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे आजोबांच्या जमिनीचा पुरावा ट्रंकेत असतो, पण नातवाला तो वाचता येत नाही. मुंतखब म्हणजे काय, कुणाच्या नावासमोर कुणाचा शेरा आहे, फसली सन १३५० म्हणजे आपलं कोणतं वर्ष, हे सांगायला जाणता माणूस लागतो. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे तो कागद १९४०-४१ चा. अब्बा वाचतात, मी मराठीत टाइप करतो. कोर्टात लागणारं अधिकृत भाषांतर वेगळं. आमच्याकडे लोक येतात ते आधी आपल्याच कागदात काय लिहिलंय ते कळावं म्हणून.

२०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदांचा शोध सुरू झाला. तेव्हा तर आमच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असायची. मराठा, धनगर, लिंगायत, मुसलमान, सगळ्यांचे पणजोबा एकाच लिपीत झोपलेले. कागद इतके जुने की घडी उलगडताना तुकडे पडतात. म्हणून आमचा नियम ठरला, आधी स्कॅन, मग वाचन. अशी दोन-अडीच वर्षांत हजारावर पानं कॉम्प्युटरमध्ये जमली.

अब्बा मला अधूनमधून बजावतात, “बेटा, ये कागदां अपने नईं. लोगां की अमानत है.” अमानतीला मराठीत ठेव म्हणता येईल. पण ठेवीवर व्याज मिळतं, अमानतीवर फक्त जबाबदारी येते.

आता या अमानतीची राखण करतो कोण, तर एक फुकटचा अँटिव्हायरस. ओळखीचे लोक मला नेहमी विचारतात, “फुकटचा चालतो का? की पैसे भरून घ्यावा?” प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

घरात पहिला कॉम्प्युटर आला २००८ मध्ये. तेव्हा जोडणीच्या कॉम्प्युटरवर दुकानदार विंडोज एक्सपी ‘टाकून’ द्यायचा. तिचे वेगळे पैसे कुणी मागायचं नाही आणि ती कुठून आली हेही कुणी विचारायचं नाही. त्या विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस नव्हता. तो ज्याचा त्यानं शोधायचा. पुण्याचा क्विक हील दुकानात खोक्यात मिळायचा, त्याचे दर वर्षी पैसे भरावे लागायचे. प्रागचा अवास्ट, झेक देशातल्याच ब्रनो शहरातला एव्हीजी आणि जर्मनीचा अविरा हे तिघे घरगुती वापराला फुकट होते. नेट कॅफेत बसलं की कुठल्या तरी मशीनमधून इंग्रजीत घोषणा व्हायची, व्हायरस डेटाबेस हॅज बीन अपडेटेड. सगळे दचकायचे आणि पुन्हा आपापल्या फॉर्मकडे वळायचे. अविराचा आवाज नसायचा, पण तो पडदाभर जाहिरात उघडून दाखवायचा, पैसे भरून मोठा भाऊ घ्या म्हणून.

अँटिव्हायरसचं काम समजायला अवघड नाही. पोलीस ठाण्यात फरारी लोकांचे फोटो लावलेले असतात, तशी त्याच्याकडे एक यादी असते. प्रत्येक व्हायरसच्या आतली ओळखीची खूण त्या यादीत नोंदलेली. कॉम्प्युटरमध्ये येणारी प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. खूण जुळली की फाइल बाजूला काढतो. पुढे चोर वेश बदलायला शिकले, तेव्हा राखणदारही नुसता चेहरा न पाहता वागणूक पाहू लागला. एखादा प्रोग्रॅम उगाच शेकडो फाइली उघडून पुन्हा लिहीत असेल, तर यादीत नसला तरी संशयित. पण यादी ताजी नसेल तर निम्मा पहारा वाया जातो.

आणि ताज्या यादीचीच तर आमच्याकडे बोंब होती. नेट इतकं हळू की यादी उतरवायला रात्र जायची. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मग लोकांनी तोड काढली. कॅफेत जायचं, यादीची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि घरी आणून चढवायची. गंमत अशी की त्या काळात व्हायरस पसरायचा तोही पेनड्राइव्हवरूनच. म्हणजे औषध आणायला दवाखान्यात जायचं आणि तिथूनच ताप घेऊन यायचं.

लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे किंवा झेरॉक्सच्या दुकानात एकदा पेनड्राइव्ह दिला की तो ‘प्रसाद’ घेऊन परत यायचा. घरी लावला तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. माणसाला वाटायचं, गेलं सगळं. खरं तर फाइली तिथंच असायच्या, व्हायरसनं त्या फक्त लपवलेल्या असायच्या. शॉर्टकटवर क्लिक केलं की तुमचं फोल्डर उघडायचं खरं, पण त्याआधी व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून बसायचा. काळ्या खिडकीत ‘अ‍ॅट्रिब’ची एक ओळ टाइप केली की लपलेल्या फाइली पुन्हा दिसू लागायच्या. ही एक ओळ पाठ असलेला मुलगा त्या काळात गल्लीचा इंजिनिअर असायचा.

या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी गेलं की दोन भावांची गोष्ट सापडते. खरं तर दोन जोड्यांची.

पहिली जोडी लाहोरची. बासित आणि अमजद फारूक अल्वी. १९८६ मध्ये त्यांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून त्याची नोंद आहे. नवल म्हणजे त्यात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. पत्ता होता निजाम ब्लॉक, अल्लामा इक्बाल टाउन, लाहोर. आम्ही निजामाच्या मुलखातले, त्यामुळे हा पत्ता वाचून अब्बांना फार हसू आलं. भावांचं म्हणणं असं की आम्ही डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं, लोक त्याच्या चोरून कॉप्या काढत होते, त्या चोरांना पकडायला हा प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे हा व्हायरस, लिहिणाऱ्यांच्या लेखी, राखणदारच होता. पुढे तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात अमेरिकेपर्यंत पोचला आणि त्यांच्या हातात काही राहिलं नाही.

दुसरी जोडी आपल्या सातारा जिल्ह्यातली. कैलास आणि संजय काटकर. कैलास दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं आणि हळूहळू कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीन व्हायरसनं भरलेल्या असायच्या. धाकट्या संजयला त्यांनी कॉम्प्युटरचं शिक्षण दिलं. त्यानं व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आला. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात गेली. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या माणसानं उभी केलेली कंपनी आहे ही, आणि ती महाराष्ट्रातली आहे, हे आपल्याकडच्या पोरांना सांगायला हवं.

या दोन्ही जोड्यांचं मला एकच वाटतं. दोघांनीही सुरुवात दुकानातल्या रोजच्या अडचणीपासून केली. फरक इतकाच की एकानं कुलूप लिहिलं आणि त्याचा सुरुंग झाला, दुसऱ्यानं दुरुस्ती लिहिली आणि तिचा धंदा झाला. धंदा झाला याचा अर्थ तिची किंमत उघड होती. वर्षाचे इतके पैसे, बदल्यात इतकी राखण.

मग फुकट देणारे कशावर जगतात?

आमच्या गल्लीत रात्री शिट्टी मारत फिरणारा गुरखा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारात येतो. अम्मी त्याला पैसे देते, वर चहाही देते. एकदा मी तिला विचारलं, शेजारचे चार जण देत नाहीत, तरी तो त्यांच्या दारावरूनही जातोच की. मग आपण का द्यायचे? ती म्हणाली, “पैसे घेतो तोवर तो आपला. उद्या घ्यायचं बंद केलं तर मला आधी हे विचारावं लागेल, की त्याला आता पगार कोण देतंय?”

अँटिव्हायरसच्या बाबतीत हा प्रश्न जगानं २०२० मध्ये विचारला. त्या वर्षी जानेवारीत मदरबोर्ड आणि पीसी मॅग या दोन प्रकाशनांनी मिळून एक शोध छापला. अवास्टच्या प्रोग्रॅममधून लोक इंटरनेटवर काय काय पाहतात याची माहिती गोळा होत होती आणि जंपशॉट नावाच्या तिच्याच एका उपकंपनीमार्फत ती विकली जात होती. बातमी आल्यावर काही दिवसांतच जंपशॉट बंद झाली. प्रकरण तिथं संपलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातीसाठी विकायला बंदी घातली. आयोगाचं म्हणणं होतं की ही माहिती शंभराहून जास्त खरेदीदारांना गेली, आणि तीवरून माणसाचा धर्म, आजार, राजकीय कल, ठावठिकाणा आणि पैशाची स्थिती कळू शकत होती. माहितीतून नावं काढून टाकली होती असं कंपनी सांगत आली होती. आयोगाला ते पटलं नाही.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, आमचं काय विकणार? आम्ही कोण मोठे लागून गेलो? मी माझ्या घरापुरतं सांगतो. आमच्या कॉम्प्युटरवर कुणी नमाजाच्या वेळा बघतं, कुणी शुगरच्या गोळीबद्दल वाचतं, कुणी पीकविम्याची यादी उघडतं, कुणी सातबारा काढतं. या चार गोष्टी एका ओळीत मांडल्या की नाव न लिहिताही आमचं घर ओळखू येतं. माणूस ओळखायला नाव लागतं हा जुना समज आहे. माणूस त्याच्या वाटेवरून ओळखता येतो.

याचा अर्थ फुकट देणारा प्रत्येक जण चोर आहे, असा काढू नये. फुकटच्या मागे प्रामाणिक हिशोबही असतो. लाखो घरांत प्रोग्रॅम बसला की नवा व्हायरस कुठं दिसला ते कंपनीला आधी कळतं. त्या माहितीवर तिची यादी सुधारते आणि पैसे भरणाऱ्या कंपन्यांना ती विकता येते. शिवाय फुकट वापरणाऱ्यांतले काही जण पुढे पैसे भरतात. हा व्यवहार मला गैर वाटत नाही. फक्त तो उघड हवा. आणि मालक बदलला की व्यवहारही बदलू शकतो, हे ध्यानात ठेवायला हवं. अवास्टनं २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. २०२१ मध्ये अविरा नॉर्टनवाल्यांकडे गेली. २०२२ मध्ये अवास्टही त्यांच्यातच मिसळली. म्हणजे आपण तीन वेगवेगळे राखणदार समजत होतो, ते आज एकाच वाड्यात राहतात.

आता आमच्याकडे जो फुकटचा राखणदार आहे तो विंडोजमधलाच, डिफेंडर. मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स नावानं फुकटचा अँटिव्हायरस दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो डिफेंडर म्हणून आतच बसवला. सुरुवातीला त्याला कुणी विचारत नव्हतं. गेल्या काही वर्षांत जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या स्वतंत्र चाचणी संस्था त्याला बड्यांच्या बरोबरीनं गुण देतात. याचा पगार कोण देतं, हेही स्पष्ट आहे. विंडोजच्या किमतीत तो धरलेला आहे. दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, कारण एका दारावर दोन राखणदार बसवले तर ते चोराआधी एकमेकांनाच धरतात. भारत सरकारचंही एक केंद्र आहे, सायबर स्वच्छता केंद्र. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं. तिथून व्हायरस काढायची साधनं फुकट मिळतात, आणि ती भारतीय कंपन्यांनीच बनवून दिली आहेत. आपल्याकडे याची माहिती फार थोड्यांना आहे.

इतकं सगळं सांगून झाल्यावर मुख्य गोष्ट सांगतो. राखणदार फुकटचा असो की पगारी, तो दारातून घुसणाऱ्याला अडवतो. मालकानंच हात धरून आत आणलेल्याला तो काय करणार?

आमच्या ओळखीतला एक फोटो स्टुडिओवाला आहे. लग्नसराईच्या ऐन गर्दीत त्याला फोटो सुधारण्याचं महागडं सॉफ्टवेअर हवं होतं. कुणीतरी क्रॅक आणून दिला. त्यासोबतच्या फाइलीत पहिलीच सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर हा प्रोग्रॅम चालणार नाही. त्यानं बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या फोटोंच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागलेलं आणि एकही फोटो उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी होती. अशा प्रकारच्या एका कुटुंबाला ‘डीजेव्हीयू’ म्हणतात. त्याची चिठ्ठी जगभर जवळपास सारखीच असते. फाइली सोडवायला ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. ते क्रॅकमधूनच पसरतं, आणि घरगुती कॉम्प्युटरच त्याचं गिऱ्हाईक.

स्टुडिओवाल्यानं पैसे भरले नाहीत. भरले असते तरी फाइली मिळाल्या असत्या याची खात्री कुणी दिली असती? सात लग्नं गेली. एका घरातली आजी त्या लग्नानंतर महिनाभरात वारली होती. तिचा शेवटचा फोटो त्यातच होता. त्या घरच्यांना तो काय सांगणार? चोरानं घराबाहेर उभं राहून म्हणावं, जरा तुमचा कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण तो बांधावा, तसली ही गोष्ट. कुत्रा देशी होता की विलायती, विकतचा होता की पाळलेला, याला मग काही अर्थ उरत नाही.

उर्दूवाल्यांनी तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. उर्दू टाइप करायला आपल्याकडे इनपेज वापरतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्कायच्या संशोधकांनी दाखवून दिलं की इनपेजची नुसती फाइल उघडली तरी आतला घातक प्रोग्रॅम चालू होऊ शकत होता, आणि काही टोळ्या आशियातल्या बँकांवर हल्ले करायला तिचा उपयोग करत होत्या. वर्डची किंवा पीडीएफची फाइल जगभर चालते, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. आपल्या भाषेची फाइल मात्र फारसं कुणी तपासत नाही. म्हणून उर्दूची फाइल आहे, आपल्याच माणसाची असेल, असं समजून ती उघडू नये.

फोनचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचं निमंत्रण आलं. उघडलं, आणि खात्यातून जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती, म्हणजे फोनमध्ये बसणारा प्रोग्रॅम. लग्नाचं आवतण नाकारणं आपल्याकडे अवघड असतं, हे चोरालाही माहीत आहे. असं काही घडलं तर क्षणभरही न थांबता १९३० नंबरवर फोन करावा.

तर मग हजारावर पानांच्या त्या अमानतीचं काय?

दोन वर्षांपूर्वी घरात यावर वाद झाला होता. अब्बांचं म्हणणं, वाचून झालं की स्कॅन पुसून टाकायचं. “जो चीज घर में हैच नईं, उसकू कौन चुराएगा?” त्यात तथ्य होतं. जगातला कुठलाही अँटिव्हायरस रिकाम्या डिस्कइतकी राखण करू शकत नाही. माझं म्हणणं, मूळ कागद वाळवीच्या तोंडाशी आहेत. एक नक्कल कुठंतरी राहू द्या. वाद मिटला नाही. स्कॅन मात्र तसंच राहिलं, रोज उद्यावर ढकलत.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. तेव्हाचा पाऊस या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. सीनेला पूर आला. परंडा, भूम भागात गावं पाण्यात गेली, माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. सोयाबीन गेलं, जनावरं गेली, कुठंकुठं वावरातली माती खरवडून गेली. दिवाळीच्या आसपास परंडा तालुक्यातले एक शेतकरी आमच्या ओट्यावर आले. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी होतं. बाहेर काढलं तर कागदाचा लगदा. ट्रंक तीन दिवस पाण्यात होती.

“गुरुजी,” ते अब्बांना म्हणाले, “तुमच्या त्या मशीनमधी आमचा कागद ऱ्हायलाय का?”

राहिला होता. २०२३ च्या नोव्हेंबरातला स्कॅन, चार पानं. प्रिंट काढून हातात दिली. त्यांना उर्दूचं एक अक्षर येत नाही. पण अब्बांनी तेव्हा बोट ठेवून दाखवलेली आज्याच्या नावाची जागा त्यांच्या लक्षात होती. त्यांनी बरोबर तिसऱ्या ओळीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. प्रिंट म्हणजे मूळ कागद नव्हे, तिनं कोर्टात किती काम होईल ते वकील सांगेल. पण अभिलेख कक्षात जाऊन कोणत्या सनाची, कोणत्या नंबरची नक्कल मागायची, हे तरी त्यांना आता माहीत होतं.

त्यानंतर घरातला वाद संपला आणि कामाला लागलो. जी व्यवस्था बसवली ती सांगतो, कुणाला उपयोगी पडली तर बरं. सगळ्या स्कॅनच्या दोन कॉप्या दोन वेगळ्या बाहेरच्या हार्डडिस्कवर आहेत. एक कपाटात, एक लातूरला आपांच्या घरी. काम झालं की डिस्क काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. खंडणीवाला व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्कला कुलूप घालतो, कपाटातल्या डिस्कला घालू शकत नाही. विंडोजमध्ये खंडणीपासून संरक्षणाची एक सोय आहे, ठरावीक फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला हात लावू न देणारी. २०१७ पासून ती आहे, पण मुळात बंद असते, आपण चालू करावी लागते. ती चालू केली. भाच्यांसाठी वेगळं खातं केलं, त्यात प्रोग्रॅम टाकायची परवानगी नाही. बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडायचा नाही, मग तो पाहुण्याचा असो की पुढाऱ्याचा.

आमच्या डब्यावर विंडोज १० आहे. तिला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला निरोप दिला, आणि इतका जुना डबा विंडोज ११ घेत नाही. डिफेंडरची यादी २०२८ पर्यंत येत राहील असं कंपनीनं सांगितलंय. पण यादी ताजी असणं आणि भिंतीची भोकं बुजवली जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’नं जगभर दवाखाने आणि कारखाने बंद पाडले, तेव्हा त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी लावलं नाही ते बुडाले. आम्ही वाढीव मुदतीची नोंदणी केली आहे, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर या डब्याची नेटची वायर काढायची, असं ठरलंय. तो फक्त स्कॅन करेल.

शेवटचा बदल अब्बांनी केला. त्यांनी एक जाड वही आणली आणि हातानं रकाने आखले. नाव, गाव, पानांची संख्या, आणि पुढे दोन रकाने, एकावर लिहिलं ‘ठेवा’, दुसऱ्यावर ‘पुसा’. जो कागद घेऊन येईल त्यानं स्वतः ठरवायचं आणि सही किंवा अंगठा करायचा. ‘पुसा’ म्हटलं की त्याच्यासमोरच पुसतो, डिस्कवरूनही. लोक आधी विचारतात, ठेवलं तर चोरीला जाईल का? मी सांगतो, दारावर राखणदार आहे, नक्कल दोन गावांत आहे, तरी जाणारच नाही असं छातीठोक सांगता येत नाही. ते थोडा विचार करतात, शेजारी बसलेल्या मुलाकडे बघतात. आतापर्यंत बहुतेकांचा अंगठा पहिल्या रकान्यात आहे.